मेजापासून दूर

आमच्या घरात मार नव्हता. लालबागच्या आमच्या चाळीत दिवेलागणीला कुठल्या ना कुठल्या खोलीतून पाठीत धपाटा बसल्याचा आवाज यायचाच आणि त्यामागोमाग भोकाड. आमच्या खोलीतून तो कधी आला नाही. मला त्याचा फार गर्व होता आणि शेजारच्या मुलींना मी तो ऐकवायचेही. त्या म्हणायच्या, "मग तुमचे बाबा करतात तरी काय?"

बाबा काय करायचे ते सांगते. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि परळच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कारभार बघणारे पंच होते. संध्याकाळी जेवणाआधी आमची प्रार्थना व्हायची. प्रार्थनेआधी ते दादाकडे आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणायचे, "बोला." ज्याच्या हातून दिवसभरात काही चुकलं असेल त्याने ते आपणहून सांगायचं. सांगून झालं की बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवत आणि म्हणत, "सुटलं." की झालं! ती गोष्ट घरात पुन्हा कुणी काढायची नाही. आईनेसुद्धा नाही. आईला हे जड जायचं. मी एकदा लोणच्याची नवी बरणी फोडली तेव्हा ती स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली, "सुटलं म्हणायला काय जातंय? कैऱ्या चिरल्या मी." पण ते ती स्टोव्हला म्हणाली, मला नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो माझ्यापेक्षा फार सरळ होता. मी सांगण्याजोग्या चुका सांगायचे आणि बाकीच्या गिळायचे. दादा, जे कुणाला जन्मात कळलं नसतं तेही सांगून टाकायचा. वर्गात बाकावरच्या मुलाचा हेवा वाटला, असलंसुद्धा. बाबा गंभीरपणे ऐकून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. मला हसू यायचं. पण खरं सांगायचं तर त्या खोलीतली ती घटका मला फार आवडायची. त्यानंतर जेवण चांगलं लागायचं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. अख्खं गिरणगाव पेटलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर सभा, सकाळी प्रभातफेऱ्या, भिंतींवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा. चाळीत ख्रिस्ती घर आमचं एकट्याचं. एरवी कुणाला त्याचं काही नव्हतं. नाताळला आमच्या करंज्या सगळीकडे जायच्या, गणपतीला सगळीकडचे मोदक आमच्याकडे यायचे. पण त्या दिवसांत कुणीतरी सहज बोलून जायचं, "तुमचं काय बाबा, तुम्ही सायबाची माणसं." आमच्या पणजोबांनी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेतला होता. साहेबाने आम्हाला काय दिलं असेल तर एक बायबल आणि ही मास्तरकी. घरात खायचो भाकरी-कालवण. मी उलट बोलायचे. दादा बोलत नसे, त्याच्या मनाला लागायचं. मग मोर्चात तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडायचा. बाबा घरात म्हणत, "मुंबई आपलीच आहे, पण रस्त्यावर उतरायचं नाही." दादा उतरायचा आणि संध्याकाळी येऊन तेही सांगायचा. बाबा क्षणभर थांबत, पण हात ठेवत.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली त्या दिवशी दुकानं धडाधड बंद झाली. माणसं रस्त्यावर आली. आईने मला गॅलरीत जायची बंदी केली. खालून काचा फुटल्याचे आवाज येत होते. दुपारी दादा घरी आला तो तोंड न धुता कोपऱ्यात बसला. आईने ताट वाढलं, त्याने शिवलं नाही.

संध्याकाळी बाबांनी "बोला" म्हटलं. दादा म्हणाला, "मी बसवर दगड मारला. तो ड्रायव्हरच्या काचेवर बसला. काच फुटून त्याच्या तोंडावर उडाली. डोळ्यातून रक्त येत होतं."

आई पटकन म्हणाली, "अरे, तिथे दहाजण मारत असतील. तुझाच कशावरून?"

"मी बघितला ना, आई. माझाच."

आईने त्याला पळवाट दिली होती आणि त्याने ती घेतली नाही. घेतली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, हे मला आजही डाचतं. पण तो ती घेणार कशी? खरं बोललं की आपल्याला जवळ घेतात, हेच त्याला सतरा वर्षं शिकवलं होतं.

बाबांचा हात उचलला गेला नाही. ते म्हणाले, "हे सोडणं माझ्या हातात नाही. आधी त्या माणसाकडे जाऊ." मला ते बरोबरच वाटलं. आजही ते बरोबरच वाटतं. तिथेच थांबले असते तर किती बरं झालं असतं.

संचारबंदी उठल्यावर आम्ही निघालो. तो ड्रायव्हर डिलाईल रोडच्या एका चाळीत राहतो हे आता सगळ्या लालबागला ठाऊक झालं होतं. आईने पिशवीत मोसंबी भरली आणि मला बरोबर धाडलं. लहान मुलगी सोबत असली की माणसं हात उगारत नाहीत, असा तिचा हिशेब. करी रोडचा पूल आम्ही चालत ओलांडला. बाबा पुढे, दादा मध्ये आणि मागे मोसंब्यांची पिशवी घेऊन मी.

ड्रायव्हर कोकणातला. चाळिशीचा असेल. हॉस्पिटलातून नुकताच घरी आला होता. अर्ध्या तोंडावर पट्टी. बाबा उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मी लालबागला राहतो, शाळेत मास्तर आहे. हा माझा मुलगा. तुमच्या काचेवरचा दगड याने मारला." बाहेर गॅलरीत जमलेली माणसं दारापाशी सरकली. दादाने हात जोडले.

ड्रायव्हरने एका डोळ्याने त्याला नीट न्याहाळलं. "वय काय रे तुझा?"

"सतरा."

"हंऽ." "झाला ता झाला. मास्तरानू, माका पण त्या दिवशी बस थंयच टाकून खाली उतरूचा वाटत होता. मुंबई आपली नाय तर कोणाची? एक डोळो असा मां अजून! बसा, चाय घेवा."

आम्ही बसलो. चहा त्याच्या बायकोने आणला. कपबशी दादाच्या पुढ्यात आदळून ती म्हणाली, "ते माफ केलंय म्हणतत. मी नाय केलंय. तू परत येव नको हयसर." ड्रायव्हर "अगो" म्हणाला, पण ती आत निघून गेली. मला तिचा रागही आला नाही. दादाने तो चहा पूर्ण प्यायला, औषध प्यावं तसा.

परत येताना पुलावर दादा कठड्याला धरून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाबा बरेच पुढे जाऊन उभे होते, पाठमोरे. मला वाटलं, आज संध्याकाळी ते त्याच्या डोक्यावर हात ठेवतील आणि संपेल सगळं. ज्याला लागलं त्यानेच माफ केलंय म्हटल्यावर आता अडलंय कुठे?

त्या संध्याकाळी बाबांनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बोल."

मला काही आठवेना. मी दादाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

हे असं का झालं ते समजायला आदल्या गणपतीतली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मंडळीत एक विधवा बाई होत्या, आमच्याच मागच्या गल्लीत राहायच्या. त्यांचा मुलगा गिरणीत लागला होता. विसर्जनाच्या दिवशी तो खात्यातल्या मित्रांबरोबर नाचला, अंगभर गुलाल, कपाळाला टिळा. मंडळीतल्या कुणीतरी बघितलं. पंचांची बैठक बसली. आमच्याकडे मोठा दोष केलेल्याला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवायची रीत होती. म्हणजे तो देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो) येई, गाणी म्हणे, पण प्रभूची भाकर आणि द्राक्षारस त्याला मिळत नसे. बाकीचे पंच म्हणत होते, पोरगा आहे, समज देऊ. बाबा म्हणाले, नियम सर्वांना सारखा. मास्तरांचं बोलणं मुद्देसूद, ते टिकलं. मुलाला दूर ठेवलं. तो त्यानंतर देवळातच यायचा थांबला. त्याची आई मात्र दर रविवारी येत राहिली, आमच्या मागच्याच बाकावर.

आणि आता बाबांचा स्वतःचा मुलगा. कुणाला काही माहीत नव्हतं. डिलाईल रोडची गोष्ट देवळापर्यंत पोचली नव्हती, पोचलीही नसती. बाबांनीच जाऊन पंचांना सांगितलं.

आईला कळलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"त्या बाईच्या मुलाला मी बाहेर बसवलं. आता स्वतःच्या मुलाला झाकू? कुठल्या तोंडाने तिच्यापुढे बसू?"

"मग तिच्याही मुलाला आत बोलवा ना! दोघांनाही बसू द्या मेजावर. मिटलं."

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं काही ती भलत्याच भाषेत बोलली. मग म्हणाले, "असं नसतं." का नसतं ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना ते सांगता आलं नसतं. रविवारच्या शाळेत ते दर वर्षी आम्हा मुलांना शिकवायचे की दुसऱ्याचा न्याय करू नका. फार छान शिकवायचे. आणि आता एकदा चुकून केलेला न्याय मागे घेण्यापेक्षा पोटच्या पोराला शिक्षा देणं त्यांना सोपं वाटत होतं. माझा हा राग अजून गेलेला नाही. आणि त्यांच्याइतका चांगला माणूसही मी पुन्हा पाहिला नाही, हेही खरंच.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, उपदेशानंतर पंचांचा ठराव वाचला. दादाचं नाव त्यांनी हळू आवाजात घेतलं, त्यांनाही ते जमत नव्हतं. माना वळल्या. दादा आमच्या बाकाच्या कडेला बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. मग पंच भाकरीची ताटं घेऊन बाकांमधून फिरू लागले. आमच्या रांगेला ताट घेऊन आले ते बाबाच. नेहमी त्याच रांगेला यायचे.

बाबांनी ताट दादाच्या समोरून पुढे केलं. दादाच्या गुडघ्यांवरून ते आईपुढे आलं. आईने ताटाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "मला नको."

बाबा ताट घेऊन मागच्या रांगेकडे वळले. मागच्या बाकावर त्या विधवा बाई होत्या. त्यांनी भाकर घेतली, पण त्या रडत होत्या. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्या घरी जाताना दादाच्या दंडाला हात लावून गेल्या.

त्या दिवसापासून आईही प्रभुभोजनाला बसेना. पाळकसाहेब घरी येऊन समजावून गेले. तिने त्यांना करंज्या दिल्या, चहा दिला, होकार दिला नाही. बाबांशी तिने भांडण असं केलंच नाही. घरातलं सगळं जिथल्या तिथे चालू राहिलं, फक्त "बोला" म्हणणं बंद पडलं. ते कुणी बंद करा म्हटलं नाही. एका संध्याकाळी बाबांनी सरळ प्रार्थनेलाच सुरुवात केली आणि आम्ही डोळे मिटले.

दादाची शिक्षा सहा महिन्यांची होती. त्यानंतर त्याने पंचांपुढे येऊन पश्चात्ताप सांगायचा आणि त्यांनी त्याला परत घ्यायचं, असा ठराव. पण त्याआधीच त्याला रेल्वेत नोकरी लागली, भुसावळला. ट्रंक भरताना मी त्याला म्हटलं, "एवढ्या लांब कशाला जातोस? वडाळ्याच्या यार्डात बघ ना कुठे." तो म्हणाला, "तिथे नाहीये गं जागा." जागा होती की नाही देव जाणे. स्टेशनवर बाबा आले होते. त्यांनी त्याला पाण्याची सुरई घेऊन दिली, खिडकीशी बसून घे म्हणाले. दादा "हो बाबा" म्हणाला. दोघंही एकमेकांशी इतकं नीट वागत होते की मला ओरडावंसं वाटत होतं.

मग तो वर्षातून एकदा यायचा, नाताळनंतर. प्रभुभोजनाचा रविवार टाळून.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळ्या लालबागात रोषणाई होती. आमच्या चाळीला कंदील लावले होते, लेझीम चालली होती. तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. एका डोळ्याचा. मी एकदम ओळखलं. आता तो डेपोत काम करत होता, गाडी चालवायला अर्थातच मिळत नव्हती. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"मास्तरानू, मुंबई मिळाली! पोरगो खंय असा तुमचो? त्याका पेढो देवक इलंय."

बाबा खुर्चीतून उठले. पण आईच म्हणाली, "भुसावळला असतो तो."

"येता मां घराक?"

"येतो," आई म्हणाली. "पाहुणा येतो तसा."

ड्रायव्हरने विचारलं नाही की का. त्याने आमच्या तिघांच्या हातांवर एकेक पेढा ठेवला आणि उरलेला पुडा दादासाठी म्हणून फळीवर ठेवून गेला. बाबा तो पेढा हातात धरून बसून राहिले. बाहेर ढोल वाजत होते. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला काय करावं ते कळेना म्हणून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा त्या विधवा बाईंकडे गेले. मला बरोबर घेऊन. कदाचित आईचाच हिशेब असेल त्यांच्याही मनात. ते म्हणाले, "तुमच्या मुलाच्या बाबतीत मी कठोरपणा केला. माझं चुकलं." बाई म्हणाल्या, "तो आता येत नाही हो देवळात. बायको केली त्याने गिरणीतल्याच एकाची बहीण, तिकडेच रमला. पण तुम्ही आलात, मास्तर. मला बरं वाटलं. बसा ना." त्यांनी आम्हाला सरबत दिलं. मनात काही ठेवलेलं नव्हतं त्यांनी. असतं तर बाबांना बरं पडलं असतं, असं मला वाटतं.

मग बाबा पंचांच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले की ते दोन्ही ठराव मागे घ्यावेत, दोन्ही माझ्यामुळे झाले. मला वाटलं होतं वाद होईल, मतं पडतील. कुणी हरकतच घेतली नाही. एक म्हातारे पंच म्हणाले, "आम्ही तेव्हापासून हेच म्हणत होतो." चहा संपायच्या आत काम झालं. इतकं सोपं होतं ते.

आईने दादाला बोलावून घेतलं. तो आला, चार दिवसांची रजा घेऊन. आता अंगाने भरला होता, मिशी ठेवली होती. दुपारची वेळ होती. बाबा आणि तो गॅलरीत बाकड्यावर बसले होते, मी दारात तांदूळ निवडत होते. बाबांनी फार प्रस्तावना केली नाही.

"मी चुकलो. तुझ्या बाबतीत मी फार चुकलो. मला माफ कर."

दादा दचकला. "असं काय बोलताय बाबा? तुमच्यावर राग नाही माझा. कधीच नव्हता."

"ठराव रद्द झालेत. उद्या प्रभुभोजन आहे. तू आमच्याबरोबर बस. तू बसलास की तुझी आईही बसेल."

दादाने खाली रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आईला सांगा बसायला. माझ्यासाठी थांबू नका म्हणावं."

"आणि तू?"

"मी नाही बसत. भुसावळलाही नाही बसत. दर रविवारी जातो देवळात, पण मेज मांडलं की उठून बाहेर येतो. तिथे मला कुणी अडवलेलं नाही, बाबा. तिथे कुणाला काही माहीतसुद्धा नाही. पण तुम्ही बरोबर होता. माझ्यासारख्याने बसू नये."

"अरे, मी बरोबर नव्हतो! तेच सांगतोय!" बाबांचा आवाज चढला. शेजारच्या खोलीतली बाई डोकावून गेली. "त्या माणसाने तुला माफ केलं होतं. देवाने केलं असणार. मी करत नव्हतो, ते माझं पाप होतं, तुझं नाही."

"असू दे बाबा. तुम्हाला त्रास होतोय." लहान मुलाची समजूत काढावी तसा तो बोलत होता.

"असू दे नाही! मी तुझा बाप सांगतोय, मी पंच म्हणून सांगतोय, पाळकसाहेब सांगतील. आणखी कुणी सांगितलं म्हणजे तू ऐकशील? सांग ना. मी त्याला घेऊन येतो."

दादाने खरोखर विचार केला. तो बाबांशी कधी खोटं बोलला नव्हता आणि आताही बोलणार नव्हता.

"माहीत नाही, बाबा," तो म्हणाला.